कंटेनर चांगला पोचला, हे सांगणार कोण?

वाचक ताईंच्या पत्राचा गोषवारा (नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून वगळलं आहे):

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष निर्यातदार घरातली मी सून. लग्नाआधी आठ वर्षं पुण्यात आयटीत होते. आता तीन हंगाम झाले, पॅकहाऊसचा हिशेब आणि परदेशी पत्रव्यवहार मी पाहते. हंगामात आमचे चाळीसेक कंटेनर नेदरलँड्समधल्या रोटरडॅम बंदराला जातात. माल पोचला की इम्पोर्टर क्वालिटीचं कारण काढून पैसे कापतो आणि उरलेले दोन-अडीच महिन्यांनी पाठवतो. इकडे बागायतदार पट्टीसाठी, म्हणजे मालाच्या पैशांसाठी, दारात उभे. एका सॉफ्टवेअर कंपनीने स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची योजना आणली आहे. कंटेनर ठरलेल्या दिवसांत पोचला आणि टेम्परेचर लॉगरचं (आतलं तापमान नोंदवत राहणाऱ्या यंत्राचं) रीडिंग ठीक असलं की इम्पोर्टरचे पैसे आपोआप सुटणार, आणि त्यातूनच त्याच दिवशी बागायतदारांचेही. खर्च अठरा लाख. सासरे, म्हणजे आमचे आबा, म्हणतात, 'आपला धंदा शब्दावर चालतो.' मला वाटतं, शब्दावर चालतो म्हणूनच मार खातो. मी चुकते आहे का? आणि त्यांना कसं पटवू?

ताई,

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी उरकते. आबांना पटवायच्या मागे एवढ्यात लागू नका. तुमचं तुम्हालाच अजून पुरतं पटलेलं नाही. पटलं असतं तर मला पत्र येण्याऐवजी त्या कंपनीला चेक गेला असता.

आता पहिला. मी पंचवीस वर्षं बँकेच्या फॉरेन एक्सचेंज खात्यात काढली, त्यातली बरीचशी लेटर ऑफ क्रेडिटच्या (एलसी, म्हणजे कागद अटींप्रमाणे असले तर पैसे द्यायची बँकेची हमी) टेबलावर. 'अटी पूर्ण झाल्या की पैसे आपोआप' हे शब्द कानावर पडले की माझा हात अजून चष्म्याकडे जातो.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. नावात कॉन्ट्रॅक्ट असलं तरी तो असतो प्रोग्रॅम: अमुक झालं तर तमुक कर. तो ब्लॉकचेनवर ठेवतात, म्हणजे अनेकांकडे सारख्या प्रती असलेल्या खतावणीत, त्यामुळे एकट्याला तो गुपचूप बदलता येत नाही. १९९०च्या दशकात निक झाबो यांनी ही कल्पना मांडली तेव्हा नाणं टाकून वस्तू देणाऱ्या यंत्राचं उदाहरण दिलं होतं. आपण स्टेशनवरचा तो रंगीत दिव्यांचा वजनकाटा आठवू. नाणं टाकलं, चक्र फिरलं, खट्‌कन तिकीट बाहेर. कुणाच्या शब्दाची गरज नाही.

पण नाणं आधी टाकावं लागतं.

तुमच्या योजनेची पहिली गाठ इथे आहे. प्रोग्रॅम फक्त त्याच्या ताब्यात दिलेले पैसे हलवू शकतो. इम्पोर्टरच्या बँकखात्यातून तो स्वतःहून काही काढू शकत नाही. म्हणजे कंटेनर न्हावाशेव्याहून निघायच्या आधी इम्पोर्टरने त्याची पूर्ण रक्कम कुठेतरी अडकवून ठेवायला हवी. एका कंटेनरचे वीस लाखांच्या आसपास धरले तर एका वेळी समुद्रावर असलेल्या दहा-बारा कंटेनरचे किती होतात, तुम्हीच बघा. सुपरमार्केटकडून पैसे आले की तुम्हाला देणारा माणूस हे करेल? आणि करणार असेल, तर त्याच्याकडे सरळ टी.टी.ने, म्हणजे बँकेतून थेट, अॅडव्हान्स मागा. अठरा लाख वाचले.

कंपनीने याला 'स्टेबलकॉइन' (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं डिजिटल नाणं) असं उत्तर दिलं असेल, तर तिथेच चहा पाजून त्यांना निरोप द्या. निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेतून यावे लागतात, तेव्हाच शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद) बँकेच्या नोंदीत बंद होतं. कॉइनमध्ये आलेले पैसे त्या नोंदीत बसत नाहीत. शिवाय आपल्याकडे आभासी मालमत्तेच्या हस्तांतरावरच्या फायद्याला २०२२पासून ३० टक्के कर आहे. द्राक्षाच्या धंद्यात ही ब्याद घरात घेऊ नये.

दुसरी गाठ मोठी आहे. 'अटी पूर्ण झाल्या' हे प्रोग्रॅमला कोण सांगणार?

बाहेरच्या जगातली बातमी आत आणून देणाऱ्या दुव्याला ब्लॉकचेनवाले ऑरॅकल म्हणतात. कोकणात देवाला कौल लावतात त्यातलाच प्रकार, फक्त पाकळी उजवी पडली की डावी हे बघायला गुरव नाही. तुमच्या योजनेत हा कौल लॉगर देणार. पण इम्पोर्टरने पाठवलेले क्वालिटी रिपोर्ट एकदा पुन्हा काढून वाचा. त्यांत काय असतं? देठ सुकलेत, मणी मऊ पडलेत, पनेटच्या (द्राक्षाच्या छोट्या डब्याच्या) तळाशी सुटे मणी, दहातल्या दोन पनेटमध्ये बुरशीची सुरुवात. यातलं लॉगरला काय दिसतं? काहीच नाही. तुमचं भांडण ज्या गोष्टीवरून आहे, ती गोष्ट हे यंत्र मोजतच नाही.

आणि जे मोजतं, तेही सरळ नाही. एका क्लेमची फाइल माझ्या हाताखालून गेली होती. एकाच कंटेनरमध्ये दोन लॉगर, एक आतल्या पॅलेटवर आणि एक दाराजवळ. आतल्याचा आलेख शून्याच्या आसपास सरळ. दाराजवळच्याला मध्येच दोन सुळके, चार अंशांच्या वर गेलेले. एक सुळका बंदरात तपासणीला दार उघडलं तेव्हाचा. दुसऱ्यावरून दोन्ही बाजूंचे लोक तीन आठवडे ईमेल करत होते. शेवटी तो रीफरच्या, म्हणजे थंड कंटेनरच्या, डीफ्रॉस्टचा निघाला. कॉइलवरचा बर्फ वितळवायला यंत्र थोडा वेळ गार हवा थांबवतं, हवेचं तापमान चढतं, द्राक्षाच्या गराला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याने कधी रीफर उघडून पाहिला नाही, अशा माणसाने 'दोन अंशांच्या वर गेलं की दहा टक्के कपात' असं लिहिलं असतं, तर त्या चांगल्या मालाचे पैसे रात्री दोन वाजता कापले गेले असते. पुन्हा न मिळण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, मग अट नीट लिहू. 'सलग सहा तास', 'गराचं तापमान' वगैरे. लिहा. जे आधी सुचतं ते लिहिता येतं.

आबांना २०१०बद्दल विचारा. त्या हंगामात युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागेत त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात, छाटणीनंतर वाढ आवरायला ते वापरत. निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत ते नव्हतंच. इकडे लॅबचे रिपोर्ट स्वच्छ, ग्रेपनेटवरच्या नोंदी चोख, आणि तिकडे माल अडकलेला. त्यातून सावरायला अनेक घरांना वर्षं लागली. (ग्रेपनेटवरून आठवलं: कुठल्या प्लॉटचा घड कुठल्या पेटीत गेला हे अपेडाची (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची) ही व्यवस्था ब्लॉकचेन हा शब्द बाजारात यायच्या आधीपासून सांगते आहे, तेही एका ठिकाणच्या साध्या डेटाबेसवर. 'ट्रेसेबिलिटीसाठी ब्लॉकचेन हवीच' असं कुणी ऐकवलं तर हे सांगा.) त्या वर्षी तुमचा प्रोग्रॅम असता तर? इकडच्या लॅबवर बेतलेला असता तर सगळे पैसे सुटून गेले असते आणि पुढच्या हंगामात तो इम्पोर्टर फोन उचलता ना. तिकडच्या लॅबवर बेतलेला असता तर निर्यातदाराला शून्य. 'निम्मं तू सोस, निम्मं मी' असं म्हणायला मध्ये कुणी नाही.

२०१० लांबचं वाटत असेल तर २०२४ घ्या, तेव्हा तुम्ही पॅकहाऊसमध्येच होता. तांबड्या समुद्रात २०२३च्या नोव्हेंबरपासून जहाजांवर हल्ले सुरू झाले. डिसेंबरात मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, आणि जानेवारीत आपला हंगाम लागला. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. तुमच्या योजनेत 'ठरलेल्या दिवसांत पोचला तर' अशी अट आहे. ती २०२३च्या दिवाळीत, नेहमीच्या पंचवीसेक दिवसांच्या हिशेबाने लिहिली असती तर त्या हंगामातला तुमचा जवळजवळ प्रत्येक कंटेनर अटीबाहेर गेला असता, आणि प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी अगदी प्रामाणिकपणे पैसे कापले असते. खऱ्या आयुष्यात काय झालं? आबांनी फोन केला असेल. आवाज चढले असतील. पण काहीतरी ठरलं, नाहीतर तो इम्पोर्टर आज तुमच्या पत्रात नसता.

म्हणून 'शब्दावर चालतो म्हणूनच मार खातो' या तुमच्या वाक्यापाशी मी जरा थांबले. शब्दावर चालतो म्हणजे नियम नाहीत, असं तुम्ही धरलं आहे. मला वाटतं आबांकडे नियम आहेत, तुमच्यापेक्षा जास्तच. फक्त ते कुठे लिहिलेले नाहीत, आणि प्रत्येकाला एक 'पण' जोडलेला आहे.

आमच्या एलसीलाही तो 'पण' होता. एलसी म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा कागदी आजोबाच. कागद अटींबरहुकूम असले तर बँक पैसे देणार, माल बघणार नाही. बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही, हे यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर) खरेदीदाराच्या नावातलं 'लिमिटेड' गळलं म्हणून मी स्वतः कागद अडवले आहेत, आणि निर्यातदाराच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण त्याच नियमावलीत एक फट ठेवली आहे: चूक सापडली तर बँक खरेदीदाराला विचारू शकते, 'ही चूक तुम्हाला चालेल का?' बहुतेक वेळा तो 'चालेल' म्हणायचा आणि पैसे जायचे. तुमच्या अठरा लाखांत ही फट कुठे आहे ते विचारा.

फट नसली की काय होतं हे आपण सगळ्यांनी एकदा मोबाइलवर पाहिलं आहे. धंद्याचे एसएमएस, म्हणजे अगदी तुमच्या पॅकहाऊसकडून बागायतदाराला जाणारा वजनाचा मेसेजसुद्धा, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८च्या नियमांनुसार ब्लॉकचेनवर नोंदलेल्या मजकुराशी जुळवूनच पुढे जातात. हिशेबनीस ज्याला नुसतं 'डीएलटी' म्हणतात ते हेच. ८ मार्च २०२१ला ही जुळवणी कडकपणे सुरू झाली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले, कारण पाठवणाऱ्यांनी मजकूर नीट नोंदलेलेच नव्हते. यंत्रणेने सांगितलं तेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी ट्रायने तपासणी सात दिवस थांबवली. तिथे थांबवणारं कुणीतरी होतं म्हणून बरं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीला नवं काही नकोच. कंपनीच्या माहितीपत्रकात वॉलमार्ट कॅनडाचं उदाहरण बहुधा असेलच, आणि ते खरं आहे. माल वाहणाऱ्या ७० कंपन्यांच्या बिलांपैकी सुमारे ७० टक्के बिलांवर वाद व्हायचे. ब्लॉकचेनवरच्या व्यवस्थेनंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. कसं? वाद होते ते किती किलोमीटर, किती डिझेल, किती वेळ गाडी थांबली, यावरून, म्हणजे यंत्राने मोजता येणाऱ्या गोष्टींवरून. दोन्ही बाजू प्रवास चालू असतानाच एकेका आकड्यावर होकार देत गेल्या, महिन्याने बिल आल्यावर नाही. आणि बोलावणं वॉलमार्टचं होतं, सत्तरही कंपन्या आल्या. तुमच्या बोलावण्याला रोटरडॅमचा इम्पोर्टर, जहाज कंपनी आणि तिकडचा सर्व्हेअर येतील? मर्स्क आणि आयबीएम यांच्यासारख्या बड्या मंडळींनी २०१८मध्ये ट्रेडलेन्स हे जहाजवाहतुकीचं ब्लॉकचेन व्यासपीठ उभं केलं, तरी सगळा उद्योग हवा तसा एकत्र आला नाही. २०२२च्या नोव्हेंबरात त्यांनी ते गुंडाळायचं जाहीर केलं. आणि ज्या ब्लॉकचेनचे सगळे नोड, म्हणजे खतावणीच्या प्रती, तुमच्याच सर्व्हरवर आहेत, ती म्हणजे एकाच माणसाने चार साक्षीदारांच्या सह्या करणं. त्यापेक्षा टॅली बरं.

आणखी एक, हे मला सगळ्यात टोचलं. बागायतदारांचे पैसे इम्पोर्टरच्या पैशांना बांधायची कल्पना. 'त्याच दिवशी' ऐकायला गोड वाटतं, पण बागायतदाराचा सौदा तुमच्याशी झाला आहे, रोटरडॅमशी नाही. तुम्ही बागेत जाऊन माल पाहिलात, साखर मोजलीत, भाव ठरवलात, पावती दिलीत. इम्पोर्टरने कापले तर त्याची पट्टीही आपोआप कापणार का? नाही म्हणत असाल तर दोन्ही व्यवहार एका प्रोग्रॅममध्ये कशाला? आणि हो म्हणत असाल तर हजारो मैलांवरच्या क्वालिटी रिपोर्टचा धोका तुम्ही दिंडोरी-निफाडच्या माणसाच्या गळ्यात घालता आहात, तोही त्याला न कळणाऱ्या भाषेत.

मग करायचं काय? अठरा लाख आत्ता खर्चू नका. बागायतदाराची दोन-अडीच महिन्यांची खोट भरायला बँकेचं पॅकिंग क्रेडिट (माल रवाना व्हायच्या आधीचं कर्ज) असतं, माल रवाना झाल्यावर बिल डिस्काउंटिंग किंवा एक्स्पोर्ट फॅक्टरिंग (येणं असलेल्या बिलावर आधीच पैसे) असतं. तुमची मर्यादा किती आणि हंगामात ती किती वापरली जाते, हे बँकेत जाऊन बघा. अनेक घरांत ती फक्त जुन्या उलाढालीवर अडकलेली असते. इम्पोर्टर बुडेल ही भीती असेल तर त्याला ईसीजीसी या निर्यात पतविम्याच्या सरकारी कंपनीचा विमा आहे. मात्र क्वालिटीच्या वादाला तो सहसा उपयोगी पडत नाही, हे आधीच समजून घ्या.

क्वालिटीच्या वादावर खरा इलाज करारात आहे, कोडमध्ये नाही. तिकडे माल कोण तपासणार, त्या सर्व्हेअरचं नाव हंगामाआधी ठरवा. दार उघडल्यापासून किती तासांत फोटोसह क्लेम कळवायचा हे लिहा. त्यानंतर आलेला क्लेम बाद. लॉगर कुणाचा, कुठल्या पॅलेटवर, किती तासांचा सुळका मोजायचा, तेही लिहा. युद्ध, संप, जहाजाचा बदललेला मार्ग यांसाठी वेगळं कलम. वाद झाला तर लवाद कुठे, हेही. भारत आणि नेदरलँड्स दोघेही १९५८च्या न्यूयॉर्क करारात आहेत, त्यामुळे लवादाचा निवाडा दोन्हीकडे बजावता येतो. एवढी चार पानं झाली तरी तुमचा अर्धा त्रास कमी होईल, असा माझा अनुभव सांगतो.

आणि तुमच्यातल्या आयटीवालीला मी मुळीच गप्प बसवत नाही. तिला एक काम देते. गेल्या तीन हंगामांचे शंभर-सव्वाशे कंटेनर एक्सेलमध्ये घ्या. कंपनीने सुचवलेले नियम जसेच्या तसे लावा: दिवस, तापमान, कपात. प्रोग्रॅमने किती पैसे दिले असते हा एक रकाना, खरे किती आले हा दुसरा. पैसा हलवायचा नाही, फक्त बघायचं. दोन रकान्यांत फारसा फरक नसेल, तर कंपनीला पुन्हा बोलवा आणि पुढच्या हंगामात एका इम्पोर्टरसोबत दोन-तीन कंटेनरवर करून बघा. तेव्हाही प्रोग्रॅम फक्त 'एवढे देय' असं दाखवेल, पैसे बँकेतून माणूसच सोडेल. दोघांच्या संमतीने थांबवता येण्याची सोय असेल, आणि लेखी करार व कोड यांत तफावत आली तर लेखी करार वरचढ, हे वाक्य त्यात असेल. इलेक्ट्रॉनिक करार आपल्याकडे केवळ इलेक्ट्रॉनिक म्हणून बाद होत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्यात तशी तरतूद आहे. पण न्यायाधीशापुढे कोडच्या ओळी वाचून दाखवायची वेळ स्वतःवर कशाला आणायची?

हे एक्सेल मात्र एकटीने भरू नका. संध्याकाळी पॅकहाऊस आवरलं की आबांना त्यांच्या डायऱ्या घेऊन शेजारी बसवा आणि तिसरा एक रकाना आखा: 'इथे आपण का सोडलं?' पहिले आठ-दहा कंटेनर ते 'असंच' म्हणतील. म्हणू द्या, 'असंच' लिहा. मग एखाद्या कंटेनरवर ते थांबतील आणि सांगायला लागतील. तो रकाना जेवढा भरेल तेवढा मला पाठवा, पुढच्या पत्रात आपण त्यावर बोलू.